रोझरीची माळ कशी म्हणावी

रोझरी ही कॅथलिक ख्रिस्ती लोकांची जपमाळ, येशूची आई मरिया हिच्या प्रार्थनेची. माळेत 59 मणी असतात: 53 लहान, 6 मोठे. क्रूस हातात घेऊन क्रूसाची खूण करा, विश्वासांगीकार (श्रद्धा जाहीर करणारी प्रार्थना) म्हणा. पहिल्या मोठ्या मण्यावर 'हे आमच्या स्वर्गीय पित्या', पुढच्या तीन लहानांवर श्रद्धा, आशा आणि प्रीतीसाठी 'नमो मरिया', मग 'पित्याला गौरव'. त्यानंतरच्या मोठ्या मण्यावर पहिलं रहस्य, म्हणजे मनन करायचा येशू-मरियेच्या जीवनातला प्रसंग, सांगून पुन्हा 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणायची. नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो: पुढचं, माळ जोडणारं पदक मणी समजून ते ती प्रार्थना पुन्हा म्हणतात. पदक ओलांडून थेट दहा 'नमो मरियां'कडे वळा. या दहांचं दशक 'पित्याला गौरव'ने संपतं. अशी पाच दशकं, शेवटी 'नमो राणी'.

सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची; गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये सुचवली.

ऑक्टोबरात, म्हणजे रोझरीच्या महिन्यात, घरोघरी एकत्र माळ म्हणताना घाई फार होते. पुढाकार घेणारा अर्धी प्रार्थना म्हणतो, उरलेली सगळे. त्यांचं 'आमेन' पूर्ण होईपर्यंत त्याने थांबावं. रहस्य सांगितल्यावरही क्षणभर शांतता हवीच, कारण ओठांवर मरिया असली तरी मनन ख्रिस्ताच्या जीवनाचं असतं.