पद्मिनी मागून खाली घ्यायचीय? आधी पाटे मोजा

आमच्या किनाऱ्याकडच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारी बऱ्याचदा मागून उचललेल्या दिसतात. हापूसच्या पेट्यांनी डिकी भरली की गाडी बसायची, म्हणून कधीकाळी कुणीतरी मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, टाकून घेतलेला असतो. त्यामुळे ‘गाडी जरा लो करा’ म्हणत कुणी आलं, की मी आधी खाली वाकून पाटे मोजतो. डावी-उजवी सारखी आहे का? एखादा पाटा वेगळ्या जाडीचा? तो उपरा काढला की बहुतेकदा गाडी आपल्या मूळ उंचीवर येते.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप दोन्हीकडे लिहून ठेवा. खाऱ्या हवेत यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) हटून बसतात, आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारा. पुढच्या चाकांना दगड लावा, बॉडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, जॅक फक्त हौसिंगखाली, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या कवचाखाली. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याला मी पानासुद्धा देत नाही.

सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट उघडण्याआधी पाटे दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्पने आवळा. नाहीतर नट सुटताच पाटे उसळतात, तोंड समोर असेल तर दातच जातील. मग एकेक पाटा तारेच्या ब्रशने घासून मध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरा. गंजाने चिकटलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, गाडी धक्के खाते आणि दोष मात्र शॉकॲबला (शॉक ॲब्सॉर्बरला). सेंटर बोल्ट, यू-बोल्ट नवेच घाला.

तरी उंच वाटली तर इंचभर लोखंडी ब्लॉक, आणि तेवढे लांब यू-बोल्ट. पाटा ॲक्सलच्या खाली असेल तरच ब्लॉकने गाडी खाली येते. वर असेल तर उलट उचलते. ब्लॉकला एका अंगाला खुंटी, दुसऱ्या अंगाला भोक हवं, नाहीतर ॲक्सल सरकतो. पण त्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. पाटा तापवून सपाट करून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि पाटा नेमका घाटात तुटतो.

शॅकल (पाट्याचं टोक बॉडीला जोडणारी कडी) आणि बुशचे (त्यातल्या रबराचे) नट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा. बंप रबरला (ॲक्सल वर आपटू नये म्हणून असलेल्या रबराला) जागा उरली का, ब्रेकचा होज (रबरी नळी) कुठे घासतो का, हात घालून बघा. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्टना पुन्हा पाना लावा. आणि मागची बाजू बसली की हेडलाइटचा झोत वर जातो. भिंतीसमोर उभी करून तो खाली घ्या, नाहीतर परशुराम घाटात समोरचा एसटीवाला डिपर मारून मारून शिव्या घालेल.