तणांचे खत करताना या चुका टाळा

श्रावणात इंदूरच्या काळ्या जमिनीत गुलाबापेक्षा तणच जोमाने वाढते, आणि उपटलेला हिरवा ढीग कचरागाडीत देण्याऐवजी खतासाठी ठेवावा, असे वाटणे रास्तच आहे. मात्र तेच खत घातलेल्या वाफ्यात पुढे घोळ आणि हरळी दाट उगवली, तर ढीग नीट तापला नव्हता किंवा नको ते त्यात गेले होते, असे समजावे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळे तण एकाच मापाने मोजणे. फुलण्यापूर्वी उपटलेले कोवळे तण ढिगासाठी उत्तम, कारण त्यात नत्र भरपूर असते. घोळ मात्र उपटल्यावरही मांसल खोडातील पाण्यावर तग धरते आणि तिच्या बोंडांतील बी पिकत राहते. केन्याचे कपट याहून मोठे: तो जमिनीखालीही फुलतो आणि तेथेच बी धरतो, म्हणून वर फूल दिसत नाही एवढ्यावर विसंबू नये. हरळीच्या, म्हणजे आपल्याकडच्या दूबच्या, प्रत्येक पेरातून नवे रोप फुटते, तर नागरमोथ्याच्या जमिनीतील गाठी अर्धवट कुजलेल्या ढिगातही सहज जगतात. या दोघांना गच्चीवर कडक उन्हात काडकन मोडेपर्यंत वाळवावे. पावसाळ्यात ते जमणार नसेल, तर ढिगात घालूच नयेत. मी एकदा ओल्या नागरमोथ्याची पाटी तशीच ओतली आणि दोन वर्षे खुरपे हातातून सुटले नाही. गाजरगवत फुलण्याआधी आणि हातमोजे घालूनच उपटावे. त्याने त्वचेला व श्वासाला त्रास होतो आणि एकेका झाडाला हजारो बिया येतात.

दुसरी चूक ढिगाच्या आकाराची. बहुतेक बिया मरण्यासाठी ढिगाचा गाभा काही दिवस ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानावर राहावा लागतो, आणि सुमारे एक मीटर लांब, रुंद व उंच ढिगाखेरीज एवढी उष्णता टिकणे अवघड असते. बादलीत किंवा कुंडीत खत होते, पण बी मरत नाही. लोखंडी सळई गाभ्यात दहा मिनिटे ठेवून बाहेर काढावी. ती हातात धरवत नसेल, तर ढीग तापला आहे.

तिसरी चूक, ढीग न पालटण्याची, इंदूरकरांना तरी शोभत नाही. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह याच शहरात काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक काळाने पालटून, तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली; जग तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणते. पालटताना कडेचे थंड तण गाभ्यात गेले पाहिजे, अन्यथा कडेच्या बिया जशाच्या तशा राहतात.

ढीग तापत नसेल, तर मुठीत दाबून पाहावे. पाणी ठिबकत असल्यास वाळलेला पाला मिसळून वर ताडपत्री ताणावी, कोरडा वाटल्यास पाणी शिंपडावे, आणि नुसताच पालापाचोळा असल्यास शेणकाला ओतावा.

वाफ्यात घालण्यापूर्वी तयार खत एका कुंडीत तीन आठवडे ओलसर ठेवावे. अंकुर दिसले, तर ते खत पुन्हा नव्या ढिगाच्या गाभ्यात घालावे.