ठोका चुकल्यासारखा वाटतोय? आधी लिहून ठेवायला लागा

रात्री डाव्या कुशीवर वळलं की उशीत ठोके ऐकू यायचे, धकधक धकधक आणि मग एकदम काहीच नाही, आणि पुढचा ठोका असा जोरात यायचा की छातीत मासोळी उलटल्यासारखं व्हायचं. खूप घाबरले होते मी. ईसीजी काढला तर नॉर्मल, कारण त्या काही सेकंदांत ठोका चुकलाच नाही. नंतर 24 तासांचं होल्टर (दिवस-रात्र ईसीजी नोंदवणारं अंगावरचं छोटं यंत्र) लावलं तेव्हा कळलं की खरं तर ठोका चुकत नाही, एक जास्तीचा ठोका वेळेआधी पडतो, मग हृदय जरा थांबतं, तेवढ्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकन लागतो. हृदय बाकी चांगलं असेल तर असे अधूनमधून येणारे ठोके बहुतेक वेळा धोक्याचे नसतात, पण हे डॉक्टरांनी तपासून सांगायचं, आपण ठरवायचं नाही.

आता काय करायचं. धडधड सुरू झाली की बसा, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा (अंगठ्याने नाडी बघू नका, त्याची स्वतःची नाडी लागते) आणि पूर्ण 60 सेकंद मोजा. मग कॅलेंडरवर जिथे दुधाचे खाडे लिहितो तिथेच लिहा: किती वाजता, किती ठोके, मधे किती वेळा चुकला, आधी काय खाल्लं-प्यायलं, झोप किती झाली.

माझ्या पानावर महिन्याभरात चक्क संकष्टी दिसली! दिवसभर नुसता चहा, पाणी जवळजवळ नाहीच, आणि चंद्रोदयानंतर पोटभर जेवून लगेच आडवं व्हायचं. आता उपवासाला चहा एकच, पाणी आठवणीने, रात्री थोडंच जेवते आणि जेवल्यावर तास-दोन तास बसते, मला खूप फरक पडला. तुमचं कारण वेगळं असेल. जागरण, दारू, सिगरेट, तंबाखू, मिश्री (हो, मिश्रीतही निकोटीनच असतं, घरातल्या मोठ्या बायकांना मुद्दाम विचारा), जुलाब-उलट्या, टेन्शन, सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचा पंप. आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, खोकल्यासाठी रोज भरपूर ज्येष्ठमध चघळत असाल तर त्याने पोटॅशियम कमी होतं आणि बीपी वाढतं, त्यानेही ठोके बिघडू शकतात.

घरच्या घरी करण्यासारखं म्हणजे पाणी प्या, कपडे सैल करा, कूस बदला, आणि नाकाने हळू श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडा, पाच मिनिटं तरी. शहाळं चांगलंच, पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा, काही गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढलेलं असतं. श्वास कोंडून जोर लावायचा प्रकार डॉक्टरांनी शिकवला असेल तरच करा. मानेची नस चोळायचा उपाय फॉरवर्ड होत असतो तो अजिबात करू नका, वयस्कर माणसांत तर नाहीच नाही. आणि चालू असलेली हृदयाची गोळी मनाने बंद करू नका प्लीज.

छातीत दुखतंय, धाप लागतेय, चक्कर येऊन पडलात, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बसल्या जागी ठोके 120 च्या वर आणि थांबतच नाहीत, तर उपाय बिपाय सोडा, 108 ला फोन लावा. नाडीला काही तालच नसेल, सगळंच वेडंवाकडं, तर त्याच दिवशी ईसीजी काढा, कारण त्यात हृदयात गुठळी होऊन लकवा मारायची भीती असते. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

बाकी साध्या धडधडीसाठीही एकदा हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि पोटॅशियम तपासून घ्या, बायकांनी तर नक्कीच, माझं हिमोग्लोबिन 9 निघालं होतं आणि मी नुसता चहा कमी करत बसले होते.