छातीत धडधड झाली की काय करायचं

नाशिकला इंदिरानगरात आमच्या सोसायटीत एकदा हा विषय निघाला, आणि चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणी हे मनात दाबून बसल्यात असं लक्षात आलं. रात्री डाव्या कुशीवर वळलं की छातीत फडफडतं, एक ठोका गळतो, पुढचा धाडकन बसतो, आणि मग पहाटेपर्यंत झोप नाही. मी स्वतः यातून गेलेय, अजूनही अधूनमधून जाते. म्हणून सविस्तर लिहिते.

धडधडीबरोबर छातीत दुखत असेल, दम लागत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा. जिना चढताना किंवा पळताना धडधड सुरू होत असेल, आधीपासून हृदयाचा आजार असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.

बाकीच्यांनीही एकदा नीट तपासून घ्यायचंच. ‘टेन्शन असेल’ असं घरच्यांनी म्हटलं म्हणून सोडून देऊ नका. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तातले क्षार, एवढ्यावरून बरंच कळतं. पाळीत रक्तस्राव जास्त होणाऱ्या बायकांनी हिमोग्लोबिन आवर्जून पाहावं. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागतं, आणि आपण मात्र मनाला दोष देत बसतो. पाळी जायच्या वयात हार्मोन्सच्या चढउतारानंही धडधडतं, तेही डॉक्टरांना सांगा. सर्दीच्या काही गोळ्या आणि दम्याचा पंप यांनीही ठोके वाढतात, तेव्हा चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. अर्जुनाची साल घेत असाल तर तीसुद्धा.

दवाखान्यात गेल्यावर नेमकी धडधड थांबलेली असते, हा सगळ्यांचाच अनुभव. यावर एक उपाय आहे. त्रास होताना मनगटाच्या नाडीवर पहिली दोन बोटं ठेवा (अंगठा नको) आणि अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. मग तीच लय टेबलावर टिचक्या मारून डॉक्टरांना दाखवा. बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी वेगवान धडधड वेगळी, मधेच एखादा ठोका गळणं वेगळं, आणि लयच नसलेली वेडीवाकडी नाडी वेगळी. या शेवटच्या प्रकाराकडे वयस्कर माणसांनी तर अजिबात दुर्लक्ष करू नये, त्यातून पक्षाघाताचा धोका असतो. गरज वाटली तर डॉक्टर २४ तासांचं होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद घेणारं छोटं यंत्र, अंगावर लावतात. ते लावून नेहमीची कामं करा, घरी पडून राहू नका.

रिपोर्ट चांगले आले तरी भीती जात नाही, आणि खरं काम तिथूनच सुरू होतं. ठोका गळल्यासारखा वाटतो तेव्हा तो गळलेला नसतो, वेळेआधी पडलेला असतो. हृदयाचा कप्पा रक्तानं पुरता भरायच्या आत पडल्यामुळे तो हलका असतो, जाणवत नाही. मग जरा विश्रांती, तेवढ्यात कप्पा जास्त भरतो, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. म्हणजे आपण घाबरतो तो त्या पुढच्या, अगदी व्यवस्थित पडलेल्या ठोक्याला. दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात. निरोगी माणसांतही त्यातले काही असे निघतात. पण भीतीनं अ‍ॅड्रेनलिन वाढतं, त्यानं ठोके आणखी वाढतात, आणि ते पाहून आपण आणखी घाबरतो.

म्हणून माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं: तपासणी झाल्यावर सारखी नाडी बघणं बंद करा. हातातलं घड्याळही रात्री काढून ठेवा. धडधड आली की उठून बसा, पाय जमिनीवर टेका आणि श्वास सोडण्यावर लक्ष द्या. चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर. भराभर खोल श्वास मात्र घेऊ नका, त्यानं बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि आता हार्ट अटकच आला असं वाटतं. मग हातात एखादं काम घ्या. मी कोथिंबीर निवडायला घेते. धडधड थांबायची वाट बघायची नाही, ती चालू असतानाच काम करायचं.

हृदय पळालं की काहीतरी वाईट होणार ही भीती अंगातच बसलेली असते, ती अंगानंच काढावी लागते. डॉक्टरांनी चालायची मोकळीक दिली की कृषीनगरचा ट्रॅक गाठा. मग पुढे पांडवलेणीच्या पायऱ्या चढा. वर पोहोचल्यावर छाती धडधडेल. तिला तशीच धडधडू द्या, लगेच मनगट धरू नका. ठोके हळूहळू खाली येताना अनुभवणं फार मोलाचं आहे.

चहा सगळ्यांनाच बाधतो असं नाही. दोन आठवडे दुपारनंतरचा बंद करून बघा, फरक पडला तर तसंच ठेवा. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, उन्हाळ्यात पाणी भरपूर, झोप पुरेशी. दारू आणि तंबाखू यांना मात्र सूट नाही.

एवढं करूनही भीतीमुळे बाहेर पडणं, एकटं राहणं बंद होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. चिंतेवर बोलून होणारे उपचार आहेत, औषधंही आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीसुद्धा चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.