हलकी रेड वाइन घेताना या चुका टाळा

‘रेड वाइन गार करायची नसते, रूम टेंपरेचरलाच प्यायची’ हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की त्यापायी चांगल्या बाटल्या वाया जातात. ही रूम युरोपातली, घरं आजच्यासारखी उबदार नसत तेव्हाची, सतराअठरा अंशांची. मे महिन्यातल्या पुण्याच्या दिवाणखान्यात तीच वाइन तीस अंशांवर जाते. मग अल्कोहोल नाकात चढतं, फळाचा वास दबतो आणि घोट कफ सिरपसारखा लागतो.

हलक्या रेडचं उदाहरण म्हणून फ्रान्समधल्या बोजोले भागाची वाइन घ्या. गामे नावाच्या द्राक्षाची. अख्खे घड बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात, त्यामुळे द्राक्षाच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते. रंग आणि चेरी-रासबेरीचा वास उतरतो, तुरटपणा मात्र फारसा नाही. अशी वाइन १२ ते १४ अंशांवर खुलते. बर्फ आणि पाणी अर्धंअर्धं असलेल्या बादलीत बाटली पंधरावीस मिनिटं ठेवा. नुसता बर्फ नको, पाण्यानेच काच सगळीकडून गार होते. फ्रिजमध्ये याहून बराच जास्त वेळ लागेल. जास्त गार होऊन नुसती आंबट लागली, तर ग्लास तळहातात धरून थोडं थांबा.

रंग फिका म्हणजे माल कमी दर्जाचा, हा समज सोडा. गामेला कमी लेखणं जुनंच आहे. फ्रान्समधल्याच बरगंडी प्रांताच्या ड्यूक फिलिप द बोल्डने १३९५ मध्ये गामेच्या वेली उपटायचा हुकूम काढला होता. तरी दक्षिणेकडच्या बोजोलेत, ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर, ती रुजलीच. आज तिथल्या फ्लरी आणि मॉरगॉन या गावांची वाइन मी कित्येक गडद, दणकट बाटल्यांच्या आधी निवडेन.

साठवून ठेवणं ही आणखी एक चूक. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येणारी ‘बोजोले नूवो’, म्हणजे त्याच हंगामाची ताजी वाइन, काही महिन्यांतच संपवावी. मॉरगॉन किंवा बोजोलेतल्याच मूलँ-आ-व्हाँच्या बाटल्या मात्र काही वर्षं सहज टिकतात. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोनतीन दिवसांत संपवा. वास ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर खराब बुचामुळे वाइन बिघडलीय. गार करून काही सुधारत नाही, बाटली परत करा.

आणि माशाबरोबर फक्त व्हाइट, हा नियम इथे सोडून द्या. जड, तुरट रेडने बांगड्यानंतर तोंडात लोखंडाची चव राहते, तिखटही जास्त झोंबतं. गार गामेबरोबर तळलेले बोंबील खाऊन बघा, लिंबू पिळून.