क्रूझ कंट्रोल लागत नाही? आधी पेडलपाशी वाका

समृद्धी महामार्गावर जालना मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला आणि मी क्रूझ कंट्रोलचं, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता वेग कायम राखणाऱ्या सोयीचं, ‘सेट’ बटण अंगठ्याने दाबलं. डॅशबोर्डवर क्रूझचं चिन्ह पांढरं उमटलं, पण हिरवं काही होईना. पुन्हा दाबलं, तेच. नागपूरपर्यंतचा उरलेला सगळा रस्ता उजव्या पोटरीत गोळे येईस्तोवर पायानेच काढला. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने गाडीखाली न बघताच स्टीअरिंगवरच्या बटणांचा अख्खा सेट बदलायला सांगितला. मी ‘बघतो’ म्हणून गाडी घरी आणली, ते बरंच झालं. बटणं ठणठणीत होती, भानगड पायाशी होती.

क्रूझ कंट्रोल फार संशयी असतं. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, गाडीचा वेग स्वतःच्या हाती घेण्याआधी चारपाच जणांना विचारतो: ब्रेक दाबलाय का? क्लच दाबलाय का? चाकांचा वेग नीट कळतोय का? इंजिनात काही दोष? यातल्या एकाचंही उत्तर शंकास्पद आलं, की तो हात काढून घेतो. त्यामुळे क्रूझचा स्वतःचा भाग निकामी झालाय असं क्वचितच निघतं. आपण शोधायचं ते एवढंच, की नकार नेमका कोण देतंय.

त्याआधी हा खरंच बिघाड आहे ना, ते बघा. बहुतेक गाड्यांत ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग असल्याशिवाय क्रूझ लागत नाही, खालच्या गिअरमध्येही लागत नाही. काही गाड्यांत त्याच बटणावर स्पीड लिमिटर, म्हणजे ठरावीक वेगापुढे गाडी जाऊ न देणारी सोय, असतो आणि चुकून तोच चालू झालेला असतो. घाटात चढावर वेग फार पडला तर क्रूझ आपणहून सुटतं, तो दोष नव्हे. आणि एक गोष्ट कागदावर टिपून ठेवा: क्रूझ मुळात लागतच नाही, की लागून सुटतं? खड्ड्यात आदळल्यावर सुटत असेल तर सैल स्विच किंवा कनेक्टर. स्टीअरिंग वळवताना सुटत असेल तर स्टीअरिंगच्या आतली केबल. ही एक नोंद मेकॅनिकचा तासभर वाचवते.

पहिली पायरी: ब्रेक लाइट

संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करा आणि ब्रेक दाबा. भिंतीवर लाल उजेड पडला पाहिजे, पाय काढताच गेला पाहिजे. दिवे लागतच नसतील तर फ्यूज आणि ब्रेकचा स्विच तपासा. हे काम आजच करा, क्रूझसाठी नव्हे, मागून कोणी ठोकू नये म्हणून. पाय काढूनही दिवे जळत राहत असतील, तर ईसीयूच्या लेखी तुम्ही सतत ब्रेक दाबून बसला आहात.

इथे एक चकवा आहे. ‘ब्रेक लाइट लागतात, म्हणजे स्विच चांगला’ हे मी तीन फिटरांच्या तोंडून ऐकलंय. बहुतेक गाड्यांत या एका स्विचमध्ये दोन संपर्क असतात, एक दिव्यांसाठी आणि दुसरा ईसीयूसाठी. पेडल दाबलं की एक जुळतो, दुसरा तुटतो. दोघांचं म्हणणं जुळलं नाही की क्रूझ बंद. दिव्याचा संपर्क शाबूत आणि दुसरा खराब, असं सर्रास होतं.

दुसरी पायरी: टॉर्च घ्या आणि वाका

इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, सीट मागे सरकवलेली. आता डोकं खाली घालून ब्रेकच्या आणि मग क्लचच्या पेडलच्या दांड्याच्या वरच्या टोकाला उजेड पाडा. तिथे बोटाच्या पेराएवढा स्विच दिसेल, त्यातून एक छोटी कांडी बाहेर आलेली असते. पेडल वर असताना दांड्याच्या पत्र्यावरचा रबरी किंवा प्लास्टिकचा स्टॉपर ही कांडी आत दाबून धरतो.

माझ्या गाडीत क्लचचा हा स्टॉपरच नव्हता. पत्र्याला नुसतं भोक होतं आणि कांडी त्या भोकातून आरपार निघाली होती, म्हणजे ईसीयूच्या लेखी क्लच सतत दाबलेलाच. खाली मॅटवर पिवळट तुकडे पडले होते. मी ते आठवडाभर शेंगदाण्याची टरफलं समजून झाडत होतो! उन्हाने वर्षानुवर्षं तापून स्टॉपर कडक होतो आणि एक दिवस त्याचा भुगा होतो. बदलायला दहा मिनिटं लागली. भोकात नटबोल्ट अडकवायचा जुगाड क्लचला तात्पुरता चालून जातो, ब्रेकला मात्र मूळ भागच लावा.

क्लचवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय असेल तर तीही इथेच नडते. पेडल थोडंसं जरी खाली गेलं तरी स्विच बोंब मारतो.

तिसरी पायरी: दिवे आणि स्कॅनर

डॅशबोर्डवर इंजिनचा, एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा ईएसपीचा (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दिवा जळत असेल तर आधी त्याचा निकाल लावा, क्रूझ बऱ्याचदा आपोआप परततं. एबीएसचा दिवा बहुधा चाकाजवळच्या स्पीड सेन्सरकडे बोट दाखवतो: चिखल, ब्रेकच्या कामात दबलेली वायर, किंवा पावसाळ्यात बॉनेटखाली मुक्कामाला आलेले उंदीर.

दिवा नसला तरी स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीतले दोष वाचायच्या सॉकेटला, ब्लूटूथचा साधा स्कॅनर लावून बघा. पी०५७१ आणि पी०५०४ हे ब्रेक स्विचचे कोड, पी०७०४ क्लच स्विचचा, पी०५०० वेगाच्या सिग्नलचा. कोड सर्किट सांगतो, भाग नव्हे. नवा स्विच विकत घेण्याआधी कनेक्टर हलवून बघा. कोडपेक्षाही मला लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणी ईसीयूला काय दिसतंय ते, आवडतो. स्कॅनरवर ती नोंद दिसत असेल तर पेडल सोडलेलं असताना मोबाइलवर ब्रेक ‘ऑफ’ दिसायला हवा. ‘ऑन’ दिसला, की चोर सापडला.

चौथी पायरी: स्टीअरिंग

हॉर्न, गाण्याची बटणं आणि क्रूझ एकदमच गेलं, वर एअरबॅगचा दिवाही लागला, तर स्टीअरिंगच्या आत गुंडाळलेली स्पायरल केबल तुटलीय. हे घरी उघडू नका, समोर एअरबॅग आहे. फक्त क्रूझचीच बटणं मेली असतील तर स्विच. प्रत्येक बटणाचा विजेला होणारा रोध वेगळा असतो आणि त्यावरूनच कोणतं बटण दाबलं ते ईसीयूला कळतं. त्यात गोड चहा झिरपला की आकडा बदलतो आणि ‘रिझ्यूम’ (आधीचा वेग परत लावायचं बटण) दाबलेलं ईसीयूला कळतच नाही.

रडारवालं ॲडाप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप कमीजास्त करणारं, असेल तर रडारवरचा चिखल, पुढे लावलेला बंपर गार्ड आणि नुकतीच बदललेली काच आठवा. काच बदलल्यावर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नीट जुळवणं, करावं लागतं, ते राहून गेलं असेल तर गाडी परत न्या.

दुरुस्ती झाल्यावर रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ६०ला क्रूझ लावा आणि ब्रेकला पाय नुसता टेकवा. त्या क्षणी सुटलं पाहिजे. परत लावा, क्लच हलकेच दाबा, तेव्हाही सुटलं पाहिजे. नाही सुटलं तर मुख्य बटण बंद करा आणि पायानेच चालवत गाडी दुरुस्तीला परत न्या.