समुद्रातले मत्स्यपिंजरे आणि लाटा-भरतीची वीज : या चुका टाळा

बडोद्यात, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये बसून पिंजऱ्यांवरची यंत्रं लाटा-भरतीच्या विजेवर चालवायचा आराखडा करताना डोळ्यांपुढे खंभातचं आखात असतं. पहिली चूक तिथेच होते. याच आखातातल्या भावनगरला उधाणाच्या दिवसांत पाणी १० मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. वेरावळच्या उघड्या समुद्रात, जिथे पिंजरे टाकतात, तिथे जेमतेम दोनेक मीटर. प्रवाहाची ताकद वेगाच्या घनाने बदलते. सेकंदाला १ मीटर वेग असेल तर टर्बाइनच्या चौरस मीटरमागे साधारण १८० वॉट हाती लागतात. वेग निम्मा झाला की उरतात २२. म्हणून पिंजऱ्याच्या जागी निदान १५ दिवस, उधाण आणि भांग (सर्वांत कमी भरती-ओहोटीचे दिवस) दोन्ही धरून, प्रवाह मोजा.

लाटांचा हिशेब तर याहून फसवा. वर्षाची सरासरी गुबगुबीत दिसते ती जून ते सप्टेंबरच्या खवळलेल्या समुद्रामुळे, आणि नेमके तेव्हा पिंजरे सहसा रिकामे असतात! ऑक्टोबर ते मे असे महिनेवार आकडे घ्या.

बॅटरीत काटकसर नको. भरती-ओहोटी पालटताना पाणी थबकतं, टर्बाइन थांबते. जाळ्यातलं पाणीही बदलत नाही, म्हणून ऑक्सिजन तेव्हाच घटतो. हे रात्री घडलं तर सोलरही कामाचं नाही. कॅमेरा, दिवा, सेन्सर मिळून १०० वॉट धरले तर दिवसाला २.४ युनिट लागतात. दोन दिवसांचा साठा हवा आणि बॅटरी ८० टक्केच उपसायची, तर २४ व्होल्टला २५० अँपिअर-अवर. पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरचा हिशेब वेगळा.

खाद्ययंत्राची मोटर मधेच अडखळते आणि दोष मोटरला दिला जातो. आधी केबल बघा : ४ चौ. मिमी तांब्याची, ६० मीटर लांब, १० अँपिअर. जाऊन-येऊन पाचेक व्होल्ट वाटेतच जिरतात, मोटरला २४ ऐवजी मिळतात १९. १६ चौ. मिमी घाला, नाहीतर सरळ ४८ व्होल्टवर जा.

विजेच्या जोडण्यांचा डबा आयपी ६८ (पाण्यात बुडूनही आत पाणी न शिरण्याचा दर्जा) असूनही आत पाणी सापडतं. ते बहुधा गळतीचं नसतं : दिवसभर तापलेला डबा रात्री थंड होताना ग्लँडच्या (केबल आत शिरते तिथल्या घट्ट बुचाच्या) फटीतून दमट हवा ओढतो. तळाशी हवा जाऊ देणारा, पाणी अडवणारा प्लग बसवा. केबल ग्लँडमध्ये शिरण्याआधी खाली झोळ द्या.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तांबंयुक्त अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा) रंग लावू नका, फ्रेमच खाल्ली जाते. स्टीलच्या बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घाला. फ्रेम वाचवायला स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, म्हणजे अ‍ॅनोड अर्धा झिजला की बदला. काही आठवड्यांतच संपत असेल, तर डीसी वायरिंगमधून करंट पाण्यात गळतोय का ते तपासा. बडोद्याजवळच्या आजवा तलावाच्या गोड्या पाण्यातल्या चाचणीत यातलं काहीच दिसत नाही.